प्रेक्षक-प्रतिसाद, दूरचित्रवाणी मालिकांवरील (नागपूर)

दूरचित्रवाणीवरील कथामालिकेचा भाग पाहताना वा पाहून झाल्यावर प्रेक्षक जे बोलतात, लिहितात, कळवतात किंवा करतात, त्या सर्वांस प्रेक्षक-प्रतिसाद म्हणतात. भाग चालू असता पात्राला उद्देशून काढलेले उद्गार, दुसऱ्या दिवशीची चर्चा, भाग चुकलेल्यास कथानक सांगणे, वाहिनीस किंवा वृत्तपत्रास पाठवलेले पत्र, तक्रार, न्यायालयात मागितलेली दाद, तसेच मालिका पाहणे सोडून देणे, हे सर्व त्याचे प्रकार होत. नाटक व चित्रपट यांच्या प्रतिसादाहून तो एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा आहे. कथा अपुरी असतानाच तो उमटतो व पुढील कथेला वळण देऊ शकतो. प्रस्तुत नोंदीत नागपूर शहर व त्यालगतचा मराठीभाषक परिसर यांपुरता विचार केला आहे.

उगम : या प्रतिसादाचा आरंभ कोठून धरावा याविषयी दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार तो पत्रांपासून धरावा. ‘हम लोग’ ही हिंदी मालिका ७ जुलै १९८४ रोजी दिल्ली दूरदर्शनवरून सुरू झाली व १९८५ च्या डिसेंबरात संपली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अभिनेते अशोककुमार पडद्यावर येऊन घडलेल्या प्रसंगावर प्रेक्षकांशी बोलत. या मालिकेच्या काळात दूरदर्शनकडे व कलावंतांकडे सुमारे ४ लाख पत्रे आली, असे अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी नोंदवले आहे. पत्र लिहिणारा प्रेक्षक पात्राला ओळखीच्या माणसासारखे संबोधतो, त्याला सल्ला देतो, त्याच्यावर रागावतो, हे त्यांचे निरीक्षण होय. डॉनल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये पडद्यावरील व्यक्ती व प्रेक्षक यांच्यातील एकतर्फी जवळिकीची जी कल्पना मांडली होती, तिचा आधार या विवेचनास आहे.

दुसऱ्या मतानुसार पत्र हे प्रतिसादाचे केवळ एक साधन असून त्याचे मूळ अधिक जुन्या श्रवण-प्रेक्षणाच्या सवयींत शोधावे लागते. ‘रामायण’ (२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८) या मालिकेचा अभ्यास करताना फिलिप लुट्गेनडॉर्फ यांनी तिचे नाते कथाकथन व रामलीला यांच्याशी जोडले. स्नान करून संचासमोर बसणे, संचाला हार घालणे, पादत्राणे बाहेर काढणे या कृती त्यांच्या मते जुन्या श्रवणविधीचेच पुढचे रूप ठरतात. विदर्भापुरते पाहता या मतास बळकटी देणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पोथीचे वाचन अध्यायाअध्यायाने चालते. दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाचे २१ अध्याय घरोघर पारायणात वाटून वाचले जातात, आणि अध्याय संपल्यावर त्यावर बोलणे हा वाचनाचाच भाग समजला जातो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतरच्या हंगामात रात्रभर नाटके चालतात. वडसा हे तेथील नाटक मंडळ्यांचे प्रमुख केंद्र होय. प्रेक्षक पदांना ‘वन्स मोअर’ देतात आणि खलपात्रास बसल्या जागेवरून बोल लावतात. नागपुरात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांचे मूळ याच पट्ट्यात आहे. पडद्यावरच्या सासूला घरातल्या घरात दिलेली शिवी व झाडीपट्टीतील प्रेक्षकाचा उद्गार यांत जातीचा फरक नाही. त्यामुळे निदान या भागापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पत्रांची संख्या मोजता येते व बोलणे मोजता येत नाही, एवढ्या कारणाने पत्रांना मूळ मानणे योग्य नव्हे.

दूरचित्रवाणीचे आगमन : दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तर मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९७५-७६ मधील उपग्रहाद्वारे शिक्षणाच्या प्रसिद्ध प्रयोगात सहा राज्ये होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. पुढे इन्सॅट उपग्रहांच्या योजनेत मात्र विदर्भाचा समावेश झाला. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात नागपूर येथे उपग्रह दूरदर्शन केंद्राची उभारणी झाली असे सर्वसाधारणपणे मानता येते. हे केंद्र सेमिनरी हिल्स भागात आहे. योजनेच्या डोळ्यांसमोरचा प्रेक्षक खेड्यातला शेतकरी होता व कार्यक्रमांचा भर शेती, आरोग्य व शिक्षण यांवर होता. शहरातील घरे मात्र राष्ट्रीय प्रक्षेपणातील कथामालिकांकडे वळली. याच सुमारास माहिती व नभोवाणी मंत्री असलेले वसंत साठे (कार्यकाळ १९८०–८२) यांचे सार्वजनिक जीवन नागपूर-वर्धा परिसरात घडले होते. रंगीत दूरचित्रवाणीचा त्यांनी केलेला पाठपुरावा व १९८२ मधील तिचा आरंभ हा राष्ट्रीय इतिहासाचा भाग आहे.

नागपूरच्या प्रेक्षकाचा हिंदी व मराठी अशा दोन्ही मालिकांकडे समान ओढा असण्यामागे शहराचा इतिहास आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडची आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असताना येथे दोन्ही भाषा कारभारात व बाजारात नांदल्या. पुणे-मुंबईच्या मराठी घरांत हिंदी मालिका पाहिल्या जातात, परंतु त्यांवर बोलणे बहुधा मराठीत होते. नागपुरात संवाद हिंदीत उद्‌धृत करून त्यावर मराठीत मत देणे, व पुन्हा हिंदीत सुनावणे, हे एकाच वाक्यात घडते.

‘तमस’ प्रकरण आणि प्रेक्षकाचे माप : कोणता प्रेक्षक प्रमाण मानावा, या प्रश्नाशी नागपूरचा संबंध एका न्यायालयीन निर्णयामुळे आला आहे. गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘तमस’ ही भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरील मालिका १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर दाखवली जाऊ लागली. फाळणीपूर्व दंगलींचे चित्रण असल्याने तिच्यामुळे जातीय तेढ वाढेल, असा आक्षेप घेऊन मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करण्यात आला व प्रक्षेपणास प्रथम स्थगिती मिळाली. न्यायमूर्ती लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात ‘रमेश विरुद्ध भारत सरकार’ हे प्रकरण आले. १६ फेब्रुवारी १९८८ च्या निर्णयात न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी व न्यायमूर्ती रंगनाथन यांनी मालिकेच्या बाजूने निकाल दिला.

हा निर्णय देताना न्यायालयाने आधार घेतला तो नागपूर उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या एका जुन्या निकालाचा. ‘भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार’ हे प्रकरण १९४७ च्या निकालसंग्रहात नागपूर विभागाच्या पहिल्याच पृष्ठावर छापलेले आहे. शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर व धैर्यवान माणसांच्या मापाने जोखावा. दुबळ्या व डळमळत्या मनाच्या माणसांच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हेरणाऱ्यांच्या मापाने जोखू नये, असा त्याचा आशय आहे. त्या प्रकरणाचा दूरचित्रवाणीशी अर्थातच संबंध नव्हता. नागपुरात तेव्हा आकाशवाणी केंद्रही सुरू व्हायचे होते (ते १९४८ मध्ये झाले). तरीही पुढे चित्रपट व मालिका यांवरील आक्षेपांच्या चर्चेत हे माप वारंवार येत राहिले. या निकालाचे महत्त्व केवळ कायद्यापुरते नाही. तक्रार करणारा प्रेक्षक व सर्वसाधारण प्रेक्षक यांत फरक केला पाहिजे, हे सूत्र प्रतिसादाच्या कोणत्याही अभ्यासास लागू पडते आणि ते नागपूरच्या न्यायदालनातून आले, याची नोंद स्थानिक इतिहासात जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही.

बोलीविषयक प्रतिसाद : मराठी कथामालिकांची निर्मिती प्रामुख्याने मुंबई व ठाणे परिसरात होते. अल्फा मराठी (१९९९, पुढे झी मराठी), ई टीव्ही मराठी (२०००, पुढे कलर्स मराठी) व स्टार प्रवाह (२००८) या वाहिन्यांवर दीर्घकाळ कथेतील घर पुण्या-मुंबईचे असे. २०१६ पासून प्रादेशिक पार्श्वभूमीच्या मालिकांची लाट आली. ‘रात्रीस खेळ चाले’ कोकणात, ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूर भागात, तर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२२ ऑगस्ट २०१६ ते ७ मार्च २०२१) मुंबईत घडत असली तरी तिची नायिका राधिका नागपूरची होती. अनिता दाते यांनी ही भूमिका केली. नवऱ्याच्या विवाहबाह्य संबंधानंतर मसाल्यांच्या व्यवसायातून उभी राहणारी स्त्री, हा कथेचा गाभा राज्यभर चर्चिला गेला. नागपुरात त्यासोबत आणखी एक प्रश्न येत असे : राधिका बोलते ती बोली नेमकी कोठली?

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाड व मध्यप्रांतातील मराठीचा विचार एकत्र केला असून वऱ्हाडी व नागपुरी ही तिची जवळची रूपे मानली आहेत. ‘मले’, ‘तुले’ अशी चतुर्थीची रूपे, ‘काहून’ हे प्रश्नवाचक आणि ‘करून राहिलो’, ‘येऊन राहिली’ ही चालू काळाची रचना दोहोंत आढळते. ‘डोळा’चे ‘डोया’ होणे ग्रामीण बोलीत सर्रास आहे. शहरातील स्थिती मात्र एकसारखी नाही. धरमपेठेतील शिक्षित कुटुंबात प्रमाण मराठीच्या अंगावर ‘करून राहिले’ तेवढे उरते. महाल, इतवारी वा जुन्या वस्त्यांत ‘मले-तुले’ सहज ऐकू येते, आणि तरुणांच्या बोलण्यात हिंदीचा ‘बे’ वाक्यावाक्यास असतो. यांपैकी कोणते रूप पात्राला द्यावे हा लेखकाचा निर्णय असतो. प्रेक्षकांचे आक्षेप शब्दांवर असल्याचे वरवर वाटते, परंतु बारकाईने पाहता ते बहुधा हेलावर असतात. शब्द वैदर्भीय व सूर पुणेरी असे मिश्रण येथील कानाला चटकन कळते. उलट, अमरावतीकडचे अभिनेते भारत गणेशपुरे यांच्या वऱ्हाडीबद्दल असा संशय घेतला जात नाही, कारण तिचा सूर घरचा आहे. याच्या जोडीने एक समाधानही व्यक्त होत असे, की मालिकेची नायिका आपल्या गावची आहे आणि तिची बोली केवळ हशा मिळवण्यासाठी ठेवलेली नाही. नोकर, रखवालदार वा विनोदी पाहुणा यांच्या तोंडीच वैदर्भीय बोली ऐकण्याची सवय झालेल्या प्रेक्षकाला हे समाधान मोलाचे वाटणे स्वाभाविक आहे.

चरित्रात्मक मालिकांबाबत प्रतिसादाचे माप वेगळे असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील मराठी मालिका २०१९-२० मध्ये स्टार प्रवाहवर दाखवली गेली. सागर देशमुख हे प्रमुख भूमिकेत होते. १४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षा सोहळा ज्या शहरात झाला तेथे, आजी-आजोबांकडून ऐकलेली हकीकत हा अशा मालिकेचा पहिला कस ठरतो. अशा वेळी अभिनयाची चर्चा मागे पडते आणि तपशिलाची पुढे येते.

सांगण्याची रीत : विदर्भातील भारनियमनाच्या काळात, विशेषतः २००० नंतरच्या दशकात, भाग चुकणे नित्याचे होते. दुसऱ्या दिवशीचे पुनःप्रक्षेपण दुपारी असे व नोकरदारांच्या उपयोगाचे नसे. ‘काल का झालं व?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर म्हणजे केवळ कथासार नव्हे. सांगणारी स्त्री पात्रांची बाजू घेते, गाळते, वाढवते, व ऐकणारीचे मत भाग न पाहताच तयार होते. प्रतिसादाचा हा प्रकार सर्वांत व्यापक असून लेखी नोंदींत सर्वांत कमी आलेला आहे. पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतील घरांत बसून केलेला स्त्री-प्रेक्षकांचा अभ्यास ज्या पद्धतीचा आहे, तशा कामाची नागपूरला नितांत गरज आहे. भ्रमणध्वनीवर भाग केव्हाही पाहता येऊ लागल्यावर या सांगण्याची निकड कमी झाली, व त्याची जागा काही अंशी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांतील शेऱ्यांनी घेतली.

मापन : २०१५ पासून प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे बार्क ही संस्था देते. निवडलेल्या घरांत मीटर बसवलेला असतो. प्रक्षेपणातील ध्वनीत मिसळलेली, कानाला ऐकू न येणारी खूण तो टिपतो व समोर कोण बसले आहे हे घरातील व्यक्ती बटण दाबून नोंदवतात. यातून उपस्थिती कळते, पसंती कळत नाही; चिडून पाहणारा व आवडीने पाहणारा येथे एकच ठरतो. शिवाय मराठी वाहिन्यांचे प्रसिद्ध होणारे आकडे महाराष्ट्र व गोवा मिळून एका बाजारपेठेचे असतात, त्यामुळे वैदर्भीय प्रेक्षकाची आवडनिवड त्यांत वेगळी दिसत नाही. आकड्यांचा दबाव कथेवर किती पडतो याचे परिचित उदाहरण हिंदीतील आहे : ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ (२०००–२००८) मधील मिहिर या पात्राचा मृत्यू दाखवल्यानंतर प्रेक्षकांच्या तीव्र नाराजीपुढे त्याला कथेत परत आणावे लागले.

तक्रार : मनोरंजन वाहिन्यांवरील आशयाविषयीच्या तक्रारींसाठी प्रक्षेपकांच्या संघटनेने २०११ मध्ये स्वनियमन परिषद स्थापन केली. केबल दूरचित्रवाणी नियमांत जून २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तक्रारीचे तीन टप्पे ठरले आहेत. प्रेक्षकाने प्रथम वाहिनीकडे, तेथे समाधान न झाल्यास प्रक्षेपकांच्या स्वनियमन संस्थेकडे जावयाचे असते; तिसऱ्या टप्प्यावर केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा येते. तक्रार भागाच्या आशयासंबंधी असावी लागते. कथानक लांबवले वा पात्र बदलले, या नागपुरातील घरोघरच्या नाराजीला या यंत्रणेत स्थान नाही.