स्फटिकातला रेणू कूस बदलतो

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना धातू-सेंद्रिय चौकटींसाठी, म्हणजे धातूचे आयन सेंद्रिय रेणूंनी जोडून बांधलेल्या पोकळ्यांच्या स्फटिकांसाठी, मिळालं आणि ‘हवेतून पाणी ओढणारा जादुई पदार्थ’ असे मथळे झळकले. त्यातल्या काही चौकटी पाणी ओढतात, खोटं नाही. पण याघींच्या गटानं १९९९ मध्ये जाहीर केलेली एमओएफ-५ ही गाजलेली चौकट दमट हवेत स्वतःच ढासळते, हे त्या मथळ्यांखाली मला कुठं दिसलं नाही. ते जाऊ दे. मला धातूच्या आयनांभोवती रेणू जोडलेल्या अशा सगळ्याच स्फटिकांचं वेड आहे ते वेगळ्याच कारणानं. न विरघळवता, न वितळवता ते नुसते तापवले, की दाटीवाटीनं बसलेल्या रेणूंमध्ये जी उलथापालथ सुरू होते ती बघण्यासारखी असते.

अभिक्रिया व्हायची तर द्रावण हवं, स्थायूत सगळं गोठलेलं असतं, असा आपला पक्का समज. त्याला पहिला तडा शाळेतच गेलेला असतो, फक्त तेव्हा लक्षात येत नाही. परीक्षानळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, तापवला की नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि निळा खडा पांढरा पडत जातो. खडा ओला होता का? मुळीच नाही. १०० ग्रॅम कोरड्या मोरचुदात ३६ ग्रॅम पाणी असतं, आणि ते स्फटिकाच्या बांधणीतच बसलेलं असतं. शिवाय ते एकदम जात नाही. पाचपैकी दोन रेणू साधारण ६३ अंश सेल्सिअसला निघतात, दोन १०९ च्या आसपास, आणि शेवटचा २०० पर्यंत चिकटून राहतो. गंमत अशी, की मूळ निळ्या खड्यात या पाचांपैकी एक रेणू तांब्याला जोडलेलाच नसतो, तो सल्फेटला हायड्रोजन बंधांनी धरून असतो.

धातू-सेंद्रिय चौकटींतही हे चालतं. एचकेयूएसटी-१ या चौकटीत तांब्याचे आयन जोडीजोडीनं बसतात आणि प्रत्येक आयनावर पाण्याचा एकेक रेणू पोकळीकडे तोंड करून असतो. तापवून तो घालवला की फिकट निळा-हिरवा स्फटिक गडद जांभळट निळा होतो. चौकट मात्र उभीच राहते.

पण इथे निदान काहीतरी बाहेर तरी जातं. ज्यात काहीच जात नाही, येत नाही, तो प्रकार माझा खास आवडता. १८९४ मध्ये डेन्मार्कच्या सोफस यॉर्गन्सन यांनी कोबाल्टची दोन संयुगं नोंदवली. दोन्हींत कोबाल्टभोवती पाच अमोनिया आणि एक नायट्राइट, सोबतीला क्लोराइड आयन. सूत्र तेच, वजन तेच, पण एक लालसर आणि एक पिवळं. नायट्राइटमध्ये मधे नायट्रोजन आणि दोन बाजूंना दोन ऑक्सिजन असतात. लाल संयुगात हा गट ऑक्सिजननं कोबाल्टला धरतो, पिवळ्यात नायट्रोजननं. लाल प्रकार नुसता ठेवला तरी हळूहळू पिवळा होतो, आणि तापवला तर भराभर.

म्हणजे स्फटिकाच्या आत, चहूबाजूंनी शेजारी खेटून बसलेले असताना, हा गट कूस बदलतो. तराजूला याचा पत्ताही लागत नाही. पदार्थ कोणता अवरक्त प्रकाश शोषतो ते दाखवणाऱ्या वर्णपटात मात्र चोरी पकडली जाते: प्रति सेंटिमीटर १,०६५ लहरींच्या जवळची ऑक्सिजन-जोडणीची पट्टी मावळत जाते. गट सुटून दुसरीकडे जातो आणि परत येतो का? मुरमन आणि टाउबे यांनी १९५६ मध्ये ऑक्सिजन-१८ या जड ऑक्सिजनची खूण लावून द्रावणात तपासलं, तर गट कोबाल्टला सोडून जातच नाही, जागच्या जागी वळतो.

द्रावणात वळायला ऐसपैस जागा असते. स्फटिकात रेणूच्या वाट्याला शेजाऱ्यांनी सोडलेली इवलीशी खोली येते. उष्णतेनं सगळेच थरथरू लागतात, क्लोराइड आयन किंचित सरकतात, अमोनियाच्या हायड्रोजनांची पकड सैल होते, आणि तेवढ्या फटीत गट वळून घेतो. क्लोराइड काढून त्या जागी ब्रोमाइड किंवा नायट्रेट घातलं तर कोबाल्टचा आयन तोच असूनही वळण्याचा वेग बदलतो. खोलीच्या भिंती बदलल्या, एवढंच. द्रावणातल्या रसायनशास्त्रात हा शेजाराचा हिशेब इतक्या ठळकपणे कधी समोर येत नाही, म्हणून मी स्थायूंवर भाळलेला आहे.

शिवाय वळलेल्या रेणूचा आकार निराळा, आणि खोली जुन्याच आकाराला बेतलेली. असे रेणू वाढत गेले की जाळीत ताण साठतो. हा ताण किती जबर असतो ते एका दुसऱ्याच स्फटिकात उघड दिसलं. तिथे रेणूतले बंध बदलत नाहीत, फक्त रेणूंची मांडणी बदलते. १९८३ मध्ये मार्गारेट एटर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पॅलॅडियमच्या एका सेंद्रिय संयुगाचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली तापवले. स्फटिकांतल्या ‘दिव्य ऊर्जे’वर दुकान चालवणाऱ्यांना हे दृश्य आवडलं असतं, पण त्यात दिव्य काही नव्हतं. एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत जाताना साठलेला ताण एका क्षणात मोकळा झाला, आणि भिंगाखालचे स्फटिक टुणकन उडून तापपट्टीवरून नाहीसे झाले.