विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही

"गटात आत्महत्येचा विषय काढू नका, नसलेला विचार डोक्यात शिरतो," असं मानसिक आधाराचे गट घेणाऱ्या नव्या सिस्टरला अजूनही बजावलं जातं. ते खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही याला गैरसमजच म्हणते; विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

बीडकडच्या गटात एखादे काका सोयाबीन गेल्याचं सांगता सांगता म्हणतात, "आता आपलं काही खरं नाही." त्यावर "असं बोलू नये, काका" म्हटलं की संपलं, पुढे ते तोंड उघडत नाहीत. सरळ विचारावं, "काका, जीव द्यायचा विचार येतो का?" आणि गप्प बसावं. (हे गप्प बसणंच अवघड!) 'हो' आलं, तर फवारणीचं औषध घरात कुठं ठेवलंय हे सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन विचारायचं. एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांना लगेच कळवायचं. घरच्यांना टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ हा मोफत नंबर लिहून द्यायचा. तिथं मराठीत बोलता येतं.