शिंगराचं पोट दुखतंय, ऑपरेशन करायचं की थांबायचं: पार्श्वभूमी

आधी 'कॉलिक' या शब्दाबद्दल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. कॉलिक म्हणजे आजार नाही, फक्त पोटात कळ. घोड्याचं शिंगरू लोळतंय, शेपटी उडवतंय, दूध सोडलंय, एवढंच त्यातून कळतं. मूत्राशय फुटलेलं शिंगरूही कुंथतं आणि लीद अडकलेलंही, आणि दोघांना एकच नाव लावलं की उपचारात वेळ जातो.

पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त दिसतं ते मेकोनियम अडकणं, म्हणजे आईच्या पोटात असतानाच साठलेली काळी, चिकट पहिली लीद. नरांमध्ये जास्त, कारण त्यांचा कमरेचा सांगाडा अरुंद. यावर कोमट साबणपाण्याचा एनिमा जुनाच. नंतर फॉस्फेटचे तयार एनिमा आले, सोयीचे खरे, पण परत परत दिले तर रक्तात फॉस्फेट वाढतं. मग अ‍ॅसिटिलसिस्टीनचा एनिमा आला, तो थोडा वेळ आतच धरून ठेवायचा, लिदीवरचा चिकट थर सुटतो आणि गोळा सरकतो.

आता मुख्य वाद. भूल आणि नवजात शिंगरांची देखभाल सुधारली तशी पोट उघडायची हिंमत वाढली, पण शिंगरांत ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटायची भीती मोठी, त्यामुळे एकदा सुटलेलं शिंगरू पुढे परत अडकू शकतं. म्हणून मेकोनियमसाठी आधी एनिमा, सलाईन, वेदनाशामक, आणि माझ्या मते हेच बरोबर आहे, बहुतेक शिंगरं त्यातच मोकळी होतात. पण आतड्याला पीळ पडला असेल किंवा आतडं आतड्यात शिरलं असेल तर तीच वाट बघणं जीवघेणं ठरतं, तिथे प्रत्येक तास मोजावा लागतो. अल्ट्रासाऊंडमुळे हा फरक निदान काही वेळा तरी आधी दिसायला लागला, त्याआधी बराचसा भर हाताला लागेल त्यावर आणि अंदाजावर.

1998 मध्ये अजून एक गोष्ट स्पष्ट झाली. फ्रेम ओव्हेरो रंगाच्या (अंगावर पांढरे डाग असलेला एक रंगप्रकार) दोन घोड्यांच्या पोटी कधीकधी पूर्ण पांढरं शिंगरू येतं आणि त्याच्या आतड्यात मज्जातंतूंच्या पेशीच नसतात, लीद पुढे सरकतच नाही, काही दिवसांत जातं. त्यामागचं जीन सापडलं. दोन्ही पालक या जीनचे वाहक असतील तर दर वेळी 25 टक्के धोका. इथे एनिमाही नाही आणि ऑपरेशनही नाही, उपाय एकच, जोडी लावण्याआधी दोघांची टेस्ट.