ई-रीडर की टॅब्लेट : आधी फाइल पाहा

ई-रीडर घ्यायचा की टॅब्लेट, हा प्रश्न इंग्रजी वाचणाऱ्यांपुरता डोळ्यांचा, बॅटरीचा आणि खिशाचा असतो. मराठी वाचकाला त्याआधी पुस्तकाची फाइल तपासावी लागते, आणि त्यामागचं कारण बरंचसं पुण्यात घडलेलं आहे.

१९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत, गणेशखिंडीत, जिस्ट नावाच्या गटाने भारतीय लिप्या संगणकावर रुजवल्या. १९९१ मध्ये भारतीय अक्षरं संगणकात साठवण्यासाठी इस्की हे मानक ठरलं. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारं मानक; त्याच वर्षी आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. पण पुस्तकांची जुळणी पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर चालायची आणि पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. म्हणून पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारखे फॉन्ट डीटीपीवाल्यांच्या हाताखाली आले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. छापील पान देखणं निघायचं. अप्पा बळवंत चौकात मिळणारी कितीतरी पुस्तकं अशीच जुळवलेली आहेत. फाइलच्या पोटात मात्र मराठी नसतेच.

ई-रीडरचा पडदा ज्या ई-शाईचा असतो, तिचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. ई इंक कंपनी १९९७ मध्ये निघाली, सोनीचा लिब्रिए हा ई-रीडर २००४ मध्ये जपानात आला, किंडल २००७ मध्ये. या पडद्यात केसाच्या जाडीच्या कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे विद्युतभारित कण तरंगतात. वीज लागते ती पान बदलताना. उमटलेलं पान विजेशिवाय तसंच राहतं. म्हणूनच बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते आणि भर उन्हात अक्षर स्वच्छ दिसतं. पण पडदा सावकाश बदलतो, मागच्या पानाची पुसट छाया राहते. मोठं केलेलं पान बोटाने सरकवत वाचणं इथे जिकिरीचं होतं. आयपॅड २०१० मध्ये आला, त्याला ही अडचण नव्हती.

किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे मिळू लागली ती डिसेंबर २०१६ पासून. ती युनिकोडमध्ये असल्याने अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. जुन्या फॉन्टच्या पीडीएफचं तसं नाही. ती ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात बदलली की इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती येतो. फॉन्ट-परिवर्तक वापरला तरी ऱ्हस्व इकार आणि रफार हटकून घसरतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये 'कि'ची वेलांटी 'क'च्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. मुद्रितशोधन पुन्हा करण्यावाचून गत्यंतर नसतं.

पारख सोपी आहे. फोनवर पीडीएफ उघडा, एक ओळ निवडा, कॉपी करून नोट्समध्ये चिकटवा. मराठी उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे. विचित्र चिन्हं आली तर फॉन्ट जुना. ओळ निवडलीच जात नसेल तर बहुधा ती स्कॅन केलेली पानं आहेत. शेवटच्या दोन प्रकारांत पान आहे त्याच मापात वाचावं लागतं, आणि तिथे पडद्याचा आकारच निर्णायक ठरतो.

डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराचं पान सुमारे १४ × २१.५ सें.मी. असतं. सहा इंची ई-रीडरचा पडदा साधारण ९ × १२ सें.मी. म्हणजे पूर्ण पान पडद्यावर बसवलं तर १४ पॉइंटचं अक्षर जेमतेम ८ पॉइंटचं होतं. जोडाक्षरं आणि उकार तिथे मिटून जातात. समास कापून पडदा आडवा धरला तर अक्षर जवळपास मूळ मापाचं दिसतं, पण एकेक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागतं. दहा इंची टॅब्लेटवर तेच पान जवळजवळ पूर्ण मापात बसतं. संग्रहात अशा पीडीएफ जास्त असतील तर टॅब्लेटच घ्यावा, किंवा बजेट असेल तर दहा इंची ई-रीडर. काही विक्रेत्यांची ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात. साध्या किंडलवर ती ॲपं चालत नाहीत, हेही आधीच पाहावं.

कादंबऱ्या आणि युनिकोड पुस्तकंच वाचायची असतील तर सहा इंची ई-रीडर निःशंक घ्यावा. फक्त नमुना प्रकरण उतरवून 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द शोधा. 'र'चं अर्धं रूप आडव्या रेघेसारखं न दिसता 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसलं असेल, तर त्या पुस्तकाची फाइल नीट तयार केलेली नाही.