डुकाट: पाच शतके न बदललेले सोन्याचे नाणे

आठव्या शतकानंतर पश्चिम युरोपातल्या टाकसाळी मुख्यतः चांदीवरच चालल्या. मोठ्या सौद्यांना सोने लागले की व्यापारी बायझँटाइन हायपरपायरन किंवा अरबी दिनार वापरत. सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२३१ मध्ये ऑगस्टालिस हे सोन्याचे नाणे काढले खरे, पण त्याचा कस साडेवीस कॅरटच होता. खरी सुरुवात १२५२ ची. त्या वर्षी जेनोआ आणि फ्लोरेन्स या दोन्ही शहरांनी जवळजवळ शंभर नंबरी सोन्याची नाणी पाडली. फ्लोरेन्सचे ते फ्लोरिन: एका बाजूला लिलीचे फूल, दुसऱ्या बाजूला संत योहान, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम.

व्हेनिस मात्र तीस वर्षे थांबले, कारण त्याचा पूर्वेकडचा व्यापार हायपरपायरनवर आणि स्वतःच्या चांदीच्या ग्रोसोवर नीट चालला होता. पुढे हायपरपायरनचा कस पंधरा कॅरटपर्यंत घसरला तेव्हा, १२८४ मध्ये, डुकाट पाडायचे ठरले. अट एकच, फ्लोरिनपेक्षा ते तसूभरही हलके असता कामा नये. एका मार्क (त्या काळचे वजनाचे माप) सोन्यातून ६७ नाणी. एका बाजूला गुडघे टेकलेल्या डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या प्रमुखाच्या, हाती ध्वज देणारा संत मार्क, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडेपर्यंत डोजचे नाव तेवढे बदलत गेले.

एवढा कस गाठायचा तर सोन्यातली चांदी काढावी लागे. सोने ठोकून त्याचे पातळ पत्रे करत आणि विटेची पूड व मीठ यांच्या थरांत ते मातीच्या भांड्यात रचत. तोंड लिंपून भांडे तासन् तास तापवत. मिठामुळे चांदीचे क्लोराइड होई आणि ते विटेच्या पुडीत जिरे. आच वाढून सोने वितळले तर पत्र्यांचे गोळे होत आणि आतली चांदी तशीच राही. आच कमी पडली तर काम अर्धवट, मग नवे मीठ घालून पुन्हा भट्टी.

टाकसाळीतून चोख निघालेले नाणे बाजारात झिजे, आणि लबाड लोक त्याच्या कडाही कातरत. फ्लोरेन्सने यावर तोड काढली: नाणी तोलून, कस पाहून थैलीत घालायची आणि वर मोहोर लावायची. मोहोर शाबूत असेपर्यंत थैली न उघडताच हातोहात फिरे. सोय मोठी, पण आतले सोने वर्षांगणिक हलके होत गेले की मोहोरेचा भरवसा पोकळ ठरे.

पंधराव्या शतकापर्यंत पारडे पूर्ण डुकाटकडे फिरले होते. अलेक्झांड्रियाकडे गलबते धाडायची वेळ आली तेव्हा, १४२२ मध्ये, फ्लोरेन्सनेच डुकाटच्या मापाचे रुंद फ्लोरिन काढले. इजिप्तचा मामलुक सुलतान बार्सबाय याने १४२५ मध्ये अश्रफी आणली, तीही डुकाटच्याच जवळपासच्या वजनाची. ऱ्हाइनकाठच्या गुल्डेन या जर्मन सोन्याच्या नाण्याचा कस मात्र त्याच शतकात एकोणीस कॅरटवर आला, त्यामुळे दूरच्या व्यापारात त्याला ती पत कधी मिळाली नाही.

मसाल्यांच्या मोबदल्यात डुकाट भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही उतरले आणि पुतळी म्हणून दागिन्यात ओवले गेले. मागणी इतकी की इथल्या सोनारांनी नकला पाडल्या. अशी नक्कल ओळखायची तर आधी कडेची अक्षरे पाहावीत. अस्सल डुकाटावर लॅटिन लेख वाचता येतो, नकलेवर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके असतात. सोन्याचा कस त्यावरून कळत नाही, त्याला कसोटीच लागते.