पार्श्वभूमी: ट्रान्सप्लांटच्या गोळ्या आल्या कुठून

आमच्या कुडाळकडे गणपतीत माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, पपनस बांधतात आणि नंतर ते सोलून घरात सगळ्यांना वाटतात. नर्सिंगच्या परीक्षेत दरवर्षी कुठे ना कुठे प्रश्न असतोच की टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन (ट्रान्सप्लांटनंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून द्यायची औषधं) चालू असलेल्या पेशंटने कुठलं फळ टाळायचं, उत्तर ग्रेपफ्रूट. मुली पाठ करतात, मार्क घेतात, पण ग्रेपफ्रूट डोळ्याने बघितलेलं एकीनेही नसतं, आणि ते फळ मुळात पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलंय हे कुणी सांगतच नाही. आतड्यात औषध मोडणारं जे एन्झाइम असतं ते ही फळं बंद पाडतात, मग रक्तात औषध वाढत जातं. म्हणजे आपल्याकडे पेशंटला सांगायचं ते पपनसाबद्दल.

मी ड्युटी सांभाळून मुलींना शिकवते. ट्रान्सप्लांटच्या औषधांचा हा चॅप्टर मला खूप जवळचा आहे, आणि त्यातल्या औषधांची यादी नुसती घोकली तर आठवडाभरात विसरायला होते असा माझा अनुभव आहे. कुठलं औषध कुठल्या अडचणीतून आलं ते एकदा कळलं की साइड इफेक्ट्स बऱ्यापैकी आपोआप लक्षात राहतात. म्हणून हे लिहितेय.

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांना दुसऱ्याची कातडी लावायचे प्रयत्न झाले आणि ती काही दिवसांत गळून पडायची. पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने बघितलं की त्याच माणसाची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती आणखी लवकर गळते. म्हणजे शरीर ओळख ठेवतं, हा इम्युनिटीचा मामला आहे. रिजेक्शन, म्हणजे शरीराने परका अवयव नाकारणं, हा शब्द इथून समजून घ्यायचा. २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट केलं ते जुळ्या भावांमध्ये, एकाची किडनी दुसऱ्याला, अगदी सारखे जुळे, त्यामुळे शरीराला ती परकी वाटलीच नाही आणि औषधाची गरजच पडली नाही. किडनी मिळालेला भाऊ पुढे ८ वर्षं जगला. पण सगळ्यांना जुळा भाऊ कुठून आणणार? मग पूर्ण शरीराला रेडिएशन देऊन बघितलं, त्यात इम्युनिटी इतकी खाली जायची की बहुतेक पेशंट इन्फेक्शननेच जायचे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या औषधं शोधणाऱ्या जोडीने ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी, ६-मर्कॅप्टोप्युरिन बनवलं होतं, झपाट्याने वाढणाऱ्या पेशी थांबवणारं. १९५९ मध्ये सशांवर दिसलं की त्याने अँटिबॉडी तयार होणंही थांबतं, सर्जन रॉय काल्न यांनी ते कुत्र्यांच्या किडनी ट्रान्सप्लांटमध्ये वापरलं, आणि त्याचंच सुधारलेलं रूप म्हणजे अ‍ॅझाथायोप्रिन, जे १९६०च्या सुरुवातीला माणसांना द्यायला लागले. पांढऱ्या पेशी कमी होतात, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघत राहायचं, हे का ते इथेच कळतं, कारण बोन मॅरोच्या, म्हणजे हाडातल्या रक्त बनवणाऱ्या, पेशीपण झपाट्यानेच वाढतात ना. आणि परीक्षेतला तो लाडका प्रश्न, अ‍ॅझाथायोप्रिनबरोबर अ‍ॅलोप्युरिनॉल का नाही? तर अ‍ॅलोप्युरिनॉल ही गाऊटची गोळी एलियन-हिचिंग्ज यांच्याच लॅबमधून आलीय, ६-मर्कॅप्टोप्युरिन शरीरात लवकर मोडू नये, त्याचा असर वाढावा, हे बघताना त्यावर काम झालं. गाऊटवर, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजतात त्यावर, चालतं हे नंतर कळलं. म्हणजे जे आपण इंटरॅक्शन म्हणून पाठ करतो ते त्या औषधाचं मूळ कामच होतं! किडनीच्या पेशंटला युरिक अ‍ॅसिड वाढून पाय सुजतो, कुणीतरी गाऊटची गोळी लिहून देतं, आणि आधीची गोळी कुणी विचारत नाही, तेव्हा नर्सने विचारायचं असतं. एलियनबाईंकडे पीएचडी नव्हती, १९८८ चं नोबेल मिळालं, हेही मुलींना मी मुद्दाम सांगते.

१९६३ च्या सुमारास सर्जन टॉमस स्टार्झल यांनी अ‍ॅझाथायोप्रिनला प्रेडनिसोलोनच्या घरातलं स्टेरॉइड जोडलं आणि किडन्या टिकायला लागल्या. साखर वाढणं, चेहरा गोल होणं, हाडं ठिसूळ होणं हे तिथून आपल्या मागे लागलं. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट केलं, पेशंट १८ दिवसांनी न्यूमोनियाने गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत, परळच्या केईएमला डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट केलं, पेशंट काही तासच राहिला. केईएम म्हणजे चाकरमान्यांच्या घरातलंच नाव, गावात कुणी आजारी पडलं की गाडी तिकडेच, तरी ही गोष्ट आमच्याकडे फार कमी जणांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. ऑपरेशन जमत होतं, त्यानंतर हार्ट टिकवायला हाताशी पुरेसं औषध नव्हतं.

ते औषध मातीतून आलं. सँडोझ या औषध कंपनीकडे नॉर्वेतल्या पठारावरची माती आली होती, त्यातल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन निघालं आणि १९७२ मध्ये त्याचा इम्युनिटीवरचा असर लक्षात आला. खास गोष्ट ही की ते टी सेल्सना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आवरतं, बोन मॅरोला फारसं हात लावत नाही. ते पाण्यात विरघळत नव्हतं, काल्न यांच्या लॅबमधल्या एका ग्रीक डॉक्टरने ऑलिव्ह ऑइलमध्ये विरघळवून उंदरांना दिलं. तेलकट असल्यामुळेच ते प्लास्टिकला चिकटतं, म्हणून लिक्विड औषध काचेच्या ग्लासात कालवायचं, पुस्तकातली ती ओळ इथून आलीय. १९७८ मध्ये माणसांना दिलं तेव्हा कळलं की ज्या किडनीला वाचवायचं तिलाच ते त्रास देतं. डोस खाली आणत आणत, रक्तातली लेव्हल बघत बघत ते बसवावं लागलं, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हिरड्या फुगणं, अंगावर केस वाढणं, बीपी वाढणं ही त्याची खूण. टॅक्रोलिमसपण मातीतलंच, जपानच्या त्सुकुबाच्या मातीतून १९८४ मध्ये सापडलेलं, त्यात हात थरथरणं आणि शुगर जास्त. याच कामाचं सिरोलिमस ईस्टर आयलंडच्या मातीतून, सुरेंद्रनाथ सेहगल या आपल्या माणसाने कॅनडात वेगळं काढलेलं.

कायद्याचं थोडक्यात. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने ब्रेन डेथ (मेंदू कायमचा बंद पडला म्हणजे मृत्यू) मान्य झाली आणि अवयवांची विक्री गुन्हा ठरली, त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हार्ट ट्रान्सप्लांट केलं.

ऑपरेशन मुंबईला होतं, पण पेशंट पुढची सगळी वर्षं इथे आपल्यात असतो. पावसात लावणीला चिखलात उतरणं म्हणजे लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती, आणि स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला ताप दबलेला असतो, नुसती कणकण असली तरी ती मोठी समजायची. लाइव्ह, म्हणजे जिवंत जंतूंची, लस द्यायची नाही. गोळी बारा तासांनी म्हणजे बारा तासांनीच.

रक्तातल्या औषधाच्या लेव्हलचं मात्र एक डोळ्यासमोरून जात नाही. एक काका पहिल्या एसटीने लेव्हलसाठी रक्त द्यायला आले, शर्टाच्या खिशात चिठ्ठी, घड्याळात आठ वाजायला आलेले. मी विचारलं, काका गोळी? तर म्हणाले, "बाय, गोळी घेवनच इलंय मी, चुकवूक नाय." इतक्या विश्वासाने सांगितलं. लेव्हल बघायची ती पुढच्या डोसच्या अगदी आधी, औषध सगळ्यात कमी असताना, त्याला ट्रफ म्हणतात, नाहीतर आकडा उगाच मोठा येतो आणि डॉक्टर डोस कमी करतात आणि किडनी रिजेक्शनकडे जाते. त्यांना रक्त घ्यायला सांगणारी चिठ्ठी दिली होती पण गोळी थांबवायचं कुणी सांगितलं नव्हतं. मी समजावलं, त्यांना परत जावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच एसटीने आले, गोळी कागदाच्या पुडीत बांधून आणलेली, रक्त दिलं, बाकड्यावर बसले, आणि कापूस दंडावर दाबून धरलेला असतानाच दुसऱ्या हाताने पुडी सोडून पाण्याबरोबर गोळी घेतली.