तासाचा दर वेगळा, पार्सलमागचा खर्च वेगळा

अमेरिकेतल्या यूपीएस आणि फेडेक्स या पार्सल पोचवणाऱ्या कंपन्यांची तुलना निघाली की कोणीतरी हमखास म्हणतंच: यूपीएसमध्ये युनियन, म्हणून तिचं पार्सल महागात पडतं; फेडेक्समध्ये युनियन नाही, म्हणून तिचं स्वस्तात जातं. ठोकून दिलं की झालं, ताळेबंद कोण उघडतंय!

किरकोळ गोष्टी आधी उरकू. २०२३मध्ये यूपीएसचे सुमारे ३,४०,००० कामगार टीमस्टर्स युनियनचे सभासद होते. फेडेक्सचे वैमानिकही युनियनवाले आहेत, तेव्हा ‘तिथे युनियनच नाही’ हेही अर्धवट. आणि यूपीएसने या युनियनशी केलेल्या २०२३च्या करारानंतर गाजलेला १,७०,००० डॉलरचा आकडा यूपीएस ड्रायव्हरचा पगार नव्हे. पगार, आरोग्यविमा, पेन्शन असं सगळं धरून, कराराच्या अखेरीस पूर्णवेळ ड्रायव्हरमागे सरासरी एवढे होतील, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं होतं. सीटीसी आणि हातात येणारा पगार यांतला फरक आपल्याकडे नोकरी बदलणाऱ्या कोणालाही पाठ असतो. अमेरिकेचा विषय निघाला की तो नेमका का विसरला जातो, देव जाणे. शिवाय यूपीएसमधले निम्म्याहून जास्त युनियन कामगार अर्धवेळ आहेत, बहुतेक माल चढवणारे-उतरवणारे. त्या करारात त्यांचा सुरुवातीचा दर तासाला २१ डॉलर ठरला.

आता खरी गफलत. ड्रायव्हरला तासाला किती द्यावे लागतात हा एक आकडा, आणि एक पार्सल दारात पोचवायला किती मजुरी लागते हा दुसरा. धंद्यात चढाओढ होते ती दुसऱ्यावर. आणि दुसरा काढायचा तर पहिल्याला तासाभरात उरकलेल्या पार्सलांनी भागावं लागतं. एकाच सोसायटीत चाळीस पेपर टाकणारा मुलगा आणि चाळीस विखुरलेल्या बंगल्यांपर्यंत सायकल हाणणारा मुलगा आठवा. दुसऱ्याला थोडे कमी पैसे दिले, तरी एकेक पेपर महागच पडतो.

यूपीएसची एकच तपकिरी गाडी विमानाने आलेलं तातडीचं पार्सल आणि रस्त्याने आलेलं साधं पार्सल, दोन्ही घेऊन गल्लीत शिरते. फेडेक्सने मात्र एक्सप्रेस आणि ग्राउंड ही दोन जाळी वर्षानुवर्षं वेगळी चालवली. ग्राउंडचं मूळच १९९८ साली विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीत होतं. त्यामुळे एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी फेडेक्सच्या दोन गाड्या. एक्सप्रेस आणि ग्राउंड कागदोपत्री एक झाल्या त्या थेट जून २०२४मध्ये. दर कमी, पण फेऱ्या दुप्पट! २०२२ साली यूपीएसचं उत्पन्न सुमारे १०० अब्ज डॉलर आणि कामकाजातला नफा १३ टक्क्यांच्या आसपास होता. मे २०२२मध्ये संपलेल्या वर्षात फेडेक्सचं उत्पन्न ९३.५ अब्ज आणि नफा ६.७ टक्के. नफ्याला इतरही कारणं असतात, मान्य. पण महाग मजुरीने कंपनी बुडते म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो ‘उत्पन्नातला मजुरीचा वाटा’ दाखवणाऱ्या तक्त्यांवर. यूपीएसचा वाटा जवळपास निम्मा दिसतो, फेडेक्सचा बराच कमी, आणि खाली लगेच निष्कर्ष. अहो, फेडेक्स ग्राउंडचे ड्रायव्हर कंत्राटदारांच्या पगारावर असतात. त्यांची मजुरी फेडेक्सच्या हिशेबात ‘विकत घेतलेली वाहतूक’ या खात्यात जाते. ती कमी झालेली नसते, खातं बदललेलं असतं.

मग युनियनमुळे खर्च वाढतच नाही का? वाढतो, पण दरापेक्षा संपाच्या भीतीने जास्त. १९९७च्या ऑगस्टमध्ये यूपीएसचे १,८५,००० कामगार पंधरा दिवस संपावर गेले आणि ग्राहक दुसऱ्यांकडे पळाले. २०२३मध्ये संप झालाच नाही, तरी वाटाघाटी चालू असताना दिवसाला सुमारे दहा लाख पार्सलं दुसरीकडे वळली. पार्सलं गेली तरी गाडीला तेवढाच रस्ता कापावा लागतो, आणि उरलेल्या प्रत्येक पार्सलावर मजुरी चढते.

दराचा फरक खरोखर बोचतो तो अ‍ॅमेझॉनपुढे. तिचेही गाडीवाले कंत्राटदारांचे, आणि गल्लीत पार्सलं मात्र दाट. प्रतिस्पर्ध्याकडेही तेवढीच दाटी असली की तासाचा दर उघडा पडतो. यूपीएसचा करार ३१ जुलै २०२८पर्यंत बांधलेला, दराला हात लावता येत नाही. म्हणून जानेवारी २०२५मध्ये तिने वेगळीच वाट धरली: आपल्या सर्वांत मोठ्या ग्राहकाची, म्हणजे अ‍ॅमेझॉनचीच, निम्म्याहून जास्त पार्सलं २०२६च्या मध्यापर्यंत सोडून द्यायची, कारण त्यांत सुटत फारसं नाही. पाठोपाठ एप्रिलमध्ये २०,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा आली.